घोडबंदर रोडवरचा छोट्या मुलांचा मराठी वाक्यांचा क्लास, सात महिन्यांचा अनुभव

मूल पहिली ते तिसरीत आहे, शाळा इंग्लिश मीडियम आहे आणि घरात मराठी असूनही त्याचं मराठी वाक्य काही सरळ येत नाही, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये एक रिटायर्ड बाई शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी छोट्या मुलांना मराठी वाक्यं शिकवतात. क्लासला नाव नाही, बाहेर बोर्ड नाही, व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरत नाही, आम्हाला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं म्हणून कळलं. जूनपासून मुलगा जातोय म्हणजे आता सात महिने झाले, त्यामुळे बरंवाईट दोन्ही बघून झालंय.

आधी आमचा प्रॉब्लेम सांगते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घरी मी, नवरा, सासूबाई तिघंही मराठीच बोलतो. तरी शाळा सुरू झाल्यापासून याची वाक्यं हळूहळू बदलत गेली. ‘मी गेलो होतो पार्कमध्ये बाबांबरोबर’, ‘मला पाहिजे ते निळंवालं’, ‘आजीने दिला मला लाडू’. शब्द मराठी पण चाल सगळी इंग्लिशची. आणि ‘मुलगाला’, ‘पाणीत’, ‘रस्तावर’, ‘घोडाला’ हे तर रोजचंच. सासूबाई दर वेळी सुधारायच्या, अरे पाण्यात म्हण, रस्त्यावर म्हण, त्यांचं काही चुकत नव्हतं पण झालं काय की तो आजीशी बोलणंच टाळायला लागला, अर्धं वाक्य बोलायचा, चुकलं की काय असं वाटून थांबायचा आणि पळून जायचा. मला ते फार लागलं. चुकीचं बोलला तर चालेल हो, पण आजीशी बोलायलाच नको असं नको व्हायला.

शाळेत मराठी आहे, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना ते सक्तीचं झालं आणि २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं. पण तास थोडे आणि वर्गात मुलं खूप, त्यामुळे सगळा भर वर्कशीटवर. म्हणून मागच्या वर्षी एक ऑनलाइन कोर्स घेतला, नाव लिहीत नाही, वर्षाचे पैसे एकदम भरले. त्यात स्क्रीनवर उलटसुलट शब्द यायचे आणि बोटाने ओढून ओळीत लावायचे, बरोबर आलं की टाळ्या. याला पहिल्या आठवड्यातच युक्ती सापडली, ‘आहे’, ‘करतो’, ‘जाते’ असलं काही दिसलं की ते उचलून शेवटी टाकायचं आणि बाकीचं अंदाजाने, वाक्य वाचायचं कामच नाही. ‘वाक्यात जो क्रिया करतो तो कर्ता’ ही व्याख्या घडाघडा पाठ, शंभरपैकी नव्वद मार्क, आणि रात्री जेवायला बसलं की ‘मला नकोय ही भाजी कारण आहे तिखट’. तेव्हा कळलं की व्याख्या येणं आणि वाक्य येणं यांचा सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काही संबंध नसतो.

आता क्लासबद्दल. पहिल्या दिवशी बाई पालकांना मागे बसू देतात, नंतर नाही, त्यामुळे मी जे बघितलं ते त्या एका तासात, बाकीचं मुलगा घरी येऊन करून दाखवतो त्यावरून. हॉलमध्ये खिडकीच्या ग्रिलपासून खांबापर्यंत एक दोरी बांधलेली, आपण कपडे वाळत घालतो तीच नायलॉनची, आणि खाली डब्यात लाकडी चिमटे. शब्दांचे पत्ते बाईंनी स्वतः कापलेले, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूने जोडून, त्या पुठ्ठ्याला जाडी चांगली असते म्हणून. एका पत्त्याच्या कोपऱ्यात तर सोनेरी गणपतीची सोंड अजून दिसत होती. नामं काळ्या स्केचपेनने आणि क्रियापदं लाल. क्रियापदाचा चिमटासुद्धा लाल रंगवलेला आणि तो दोरीच्या उजव्या टोकाला.

पण खरी गंमत पत्त्याच्या मागच्या बाजूला आहे. पुढे लिहिलंय ‘मांजर’ आणि उलटा केला की ‘मांजरा’. पुढे ‘उंदीर’, मागे ‘उंदरा’. पुढे ‘पाणी’, मागे ‘पाण्या’. शाळा, शाळे. मुलगा, मुला. आणि ला, ने, त, चा, ची, ऊन, वर, खाली या सगळ्यांच्या छोट्या छोट्या चिठ्ठ्या वेगळ्या, मागे वेल्क्रो लावलेल्या, आणि ते वेल्क्रो पत्त्याच्या फक्त मागच्या बाजूलाच चिकटतं. म्हणजे चिठ्ठी लावायची असेल तर पत्ता उलटा करावाच लागतो. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं ते, हा शब्द बाईंनी एकदाही उच्चारला नाही, आम्ही हेच चौथी-पाचवीत तक्ते पाठ करून शिकलो होतो आणि इथे सहा वर्षांची पोरं हाताने करत होती. एका मुलीने ‘चिमणी’चा पत्ता उलटा केला तर मागेही ‘चिमणी’च, ती म्हणाली बाई हिला मागे काही वेगळं नाहीये, तर बाई म्हणाल्या बरोबर, काही शब्द असे असतात, शोध बघू अजून कोण कोण आहे तसं, आणि ती डब्यातून आई, आजी, नदी असे तीन पत्ते काढून घेऊन आली.

मग त्यांनी दोरीवर वाक्य लावलं, मांजराने उंदराला पकडलं. सगळ्यांनी वाचलं. बाईंनी पहिले दोन पत्ते उचलून त्यांच्या जागा बदलल्या, उंदराला मांजराने पकडलं. विचारलं, आता कोणी कोणाला पकडलं? निम्मी मुलं ओरडली उंदराने मांजराला, कारण उंदीर पहिला आला ना. माझा मुलगा पण त्यातच. बाई काही बोलल्याच नाहीत, नुसतं ‘ला’च्या चिठ्ठीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. दोनतीन सेकंदांनी एकजण म्हणाला नाही नाही, मांजरानेच पकडलं. मग बाईंनी पत्ते तिथेच ठेवले, फक्त ‘ने’ आणि ‘ला’ काढून एकमेकांच्या जागी लावले, उंदराने मांजराला पकडलं, आणि हॉलमध्ये एवढा हशा झाला की वॉचमन डोकावून गेला. बाई म्हणाल्या, ‘शब्द कुठेही बसू दे बाळांनो, कोण काय करतंय ते चिठ्ठी सांगते.’ मराठीचं अख्खं गणित आहे हे, आणि ते त्यांनी एका दोरीवर दहा मिनिटांत दाखवलं.

तीनेक आठवड्यांनी आम्ही रिक्षातून कापूरबावडीला अडकलो होतो, ट्रॅफिक हलत नव्हतं, आणि हा स्वतःशीच बोलत होता, डबा, डब्यात, रस्ता, रस्त्यावर, फळा, फळ्यावर, गाडी, गाडीत, हात असा पालथा उलटा करत. मी काही बोलले नाही, ऐकत बसले. ‘रस्तावर’ आमच्या घरातून त्या आठवड्यात गेलं ते गेलंच.

आता शब्दांच्या क्रमाबद्दल, कारण मुळात आम्ही त्यासाठीच गेलो होतो. मला वाटायचं कर्ता, कर्म, क्रियापद हा साचा एकदा डोक्यात बसवला की झालं. पण शाळेतून एक वर्कशीट आलं, शब्द योग्य क्रमाने लावा, ‘जाते, बाजारात, आई’. याने लिहिलं ‘बाजारात आई जाते’ आणि त्यावर लाल फुली. तो म्हणाला पण आई, हे पण बरोबर आहे ना, आणि मला पटकन नीट उत्तर देता येईना. रविवारी मी ते वर्कशीट बाईंना दाखवलं. त्यांनी वर्गातच विचारलं, ‘बाजारात कोण जातं?’ मुलं म्हणाली बाजारात आई जाते. ‘आई कुठे जाते?’ आई बाजारात जाते. मग म्हणाल्या, ‘बघा, उत्तराचा शब्द आपोआप लाल चिमट्याच्या शेजारी येऊन बसला की नाही?’ म्हणजे दोन्ही वाक्यं बरोबर, प्रश्न कुठला आहे त्यावर क्रियापदाच्या अलीकडे कोण बसणार ते ठरतं. आयुष्यभर मराठी बोलतेय पण हे असं कधी लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे हाच खेळ, आजी कुठून आली, आजी पुण्याहून आली, पुण्याहून कोण आलं, पुण्याहून आजी आली. सासूबाई पण त्यात सामील. फुली मारणाऱ्या टीचरना मी दोष देत नाही, उत्तरपत्रिकेत एकच उत्तर छापलेलं असतं, पण मुलाचं बोलणं बरोबर असून त्याला चूक म्हटलं गेलं की तो पुढच्या वेळी बोलताना कचरतो, हे मी घरात बघितलंय.

आणि सगळीकडे असं मोकळं नसतं हेही बाई दाखवतात, म्हणजे मुलांना वाटू नये की मराठीत काहीही कुठेही टाका. ‘तू का आलास’ आणि ‘तू आलास का’. पत्ते तेच तीन, ‘का’ फक्त एक घर सरकला आणि पहिल्यात आपण कारण विचारतोय आणि दुसऱ्यात नुसतं हो की नाही. मुलांनी हे दोन्ही एकमेकांना नाटकात बोलून दाखवायचं, दार उघडून. मग ‘आजीची लाल साडी’ आणि ‘लाल आजीची साडी’, यावर परत हशा, पण एक मुलगी म्हणाली की रंगपंचमीला आजीला रंग लागला असेल तर बरोबर आहे बाई, आणि बाईंनी ते मान्य केलं, म्हणाल्या हो, मग अगदी बरोबर. ‘फक्त’चा पत्ता पण असाच सरकवतात, फक्त मी पोळी खाल्ली, मी फक्त पोळी खाल्ली. बोलताना आपण हे सगळं नकळत करतो, पण मुलांच्या हातात पत्ता असला की त्यांना ते दिसतं.

शेवटची दहा मिनिटं इंग्लिश. हे ऐकून मला आधी आवडलं नव्हतं, म्हटलं मराठीच्या क्लासला इंग्लिश कशाला. पण तीच मला आता सगळ्यात मोलाची वाटतात. पहिल्या दोरीच्या खाली दुसरी दोरी. वर ‘आई चहा पिते’ आणि खाली ‘मदर ड्रिंक्स टी’. लाल चिमटा वर टोकाला आणि खाली मधोमध. मुलांना लगेच दिसतं की दोन घरांचे दोन रिवाज आहेत. मग बाई खालच्या दोरीवर कॅट आणि रॅटची जागा बदलतात, तिथे ‘ला’ची चिठ्ठीच नाही, त्यामुळे जागा बदलली की लगेच अर्थ बदलला. वर ‘टेबल’चा पत्ता उलटा करून ‘वर’ची चिठ्ठी मागून लागते, टेबलावर, आणि खाली ‘ऑन’ पुढे येऊन उभा राहतो. मुलाची मराठी वाक्यं का बिघडत होती ते मला त्या दिवशी समजलं, तो मराठी शब्द खालच्या दोरीवर वाळत घालत होता. आता कधी घसरला तर मी सुधारत नाही, नुसतं म्हणते ‘वरची दोरी’, आणि तो स्वतः फिरवून बोलतो. ‘मी गेलो होतो पार्कमध्ये’ असं म्हटलं तर मराठीत अगदी चूकच असं नाही, आपणही रंगात येऊन बोलतो तसं, बाईंनीही हेच सांगितलं, पण प्रत्येक वाक्य तसंच यायला लागलं की मग लक्ष द्यायचं.

बॅचमध्ये दहा मुलं, सगळी मराठी घरची नाहीत. एक तमिळ घरातली मुलगी आहे, एक गुजराती मुलगा आहे, आणि क्रियापद शेवटी टाकायला त्यांना आमच्या मुलाइतकाही त्रास झाला नाही, कारण त्यांच्या घरच्या भाषेतही ते शेवटीच येतं. बाळकुमचा एक आगरी मुलगा आहे, तो ‘मना’ म्हणतो, मला नाही. एका पालकांनी बाहेर गेटवर म्हटलं की हे असलं ऐकून आमची मुलं बिघडतील. पुढच्या रविवारी बाईंनी दोरीवर ‘मला भूक लागली’ लावलं आणि ‘मला’च्या खाली त्याच चिमट्याला ‘मना’चा पत्ता लटकवला, म्हणाल्या याच्या घरी असं म्हणतात, शाळेच्या पेपरात तसं लिहायचं, दोन्ही यायला हवं. तो मुलगा, जो दोन महिने तोंड उघडत नव्हता, आता सगळ्यात जास्त बोलतो असं माझा मुलगा सांगतो. या एका गोष्टीसाठी मी बाईंना वेगळे मार्क देईन.

बाई तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होत्या, शहापूर-मुरबाडच्या बाजूला. मी विचारलं की हे पत्त्यांचं कुठून सुचलं, तर म्हणाल्या नोकरीच्या सुरुवातीला कोसबाडला जाऊन आले होते, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं लहान मुलांच्या शिक्षणाचं काम बघायला. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं ते काम, नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ ला. तिथे बिया, शिंपले, पानं असं आजूबाजूचं सामान घेऊन शिकवायचे ते बघून यांना वाटलं की मग शब्दसुद्धा हातात का देऊ नयेत. दोरी नंतर आली, शाळेला फळा चांगला नव्हता म्हणून.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण सांगते. हॉल बाजूला झुम्बाच्या क्लासला लागून आहे, शनिवारी साडेपाचला तिकडे म्युझिक सुरू होतं आणि बाईंचा आवाज बारीक, मागच्या मुलांना ऐकू येत नाही. जमलं तर रविवारची बॅच घ्या. लिहिणं फार कमी आहे. सात महिन्यांत एक वही अर्धीसुद्धा भरलेली नाही, आणि शाळेत शेवटी मार्क लिहिलेल्यालाच मिळतात. बाईंचं म्हणणं असं की जे तोंडात नाही ते हातात कुठून येणार, आधी बोलू दे, ते मला पटतं पण दुसरीच्या शेवटाला तरी थोडं लिहून घ्यायला हवं असं मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. एक मात्र आहे, चिठ्ठी पत्त्याला चिकटलेली बघून बघून मुलगा ‘टेबला वर’ असं तोडून लिहायचा बंद झाला, जोडूनच लिहितो, ते न शिकवता आलं.

दुसरं म्हणजे लिंगाचं काम कच्चं राहतंय. ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’ हे एकदाच घेतलं, आणि यात मुलगा अजूनही अडतो, कारण खाणारा तोच असून क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूकडे बघून बदलतं, हे इंग्लिशमध्ये नाहीच. ‘मी पोळी खाल्लं’ अजून येतं. यासाठी काळ्या पत्त्यांना तीन वेगळे रंग दिले तर बरं होईल असं मी सुचवलंय, बाई म्हणाल्या आधी दोन रंग पचू देत. बघू.

फी महिन्याला पंधराशे, तीन महिन्यांचे एकदम भरायचे, चुकलेला क्लास परत मिळत नाही. गणपतीत आणि दिवाळीत आमचे चार बुडाले, त्याचं काही नाही. तास म्हणतात पण पन्नास मिनिटंच होतात कारण पालक मुलांना उशिरा सोडतात आणि बाई सगळे आल्याशिवाय सुरू करत नाहीत, हे मला पटत नाही, वेळेवर आलेल्या मुलांनी का थांबायचं. पार्किंग नाही. घोडबंदरचं ट्रॅफिक सगळ्यांना माहितीच आहे, शनिवारी संध्याकाळी कोलशेत किंवा वसंत विहारकडून येणार असाल तर अर्धा तास जास्तीचा धरा. तिसरीनंतर बाई घेत नाहीत, त्यामुळे मूल चौथीत असेल तर विचारूच नका.

ज्यांना परीक्षेचे मार्क लगेच वाढायला हवेत त्यांनी हा क्लास घेऊ नये, आमच्या मुलाचे मराठीचे मार्क पहिल्या टर्ममध्ये होते तेवढेच आहेत. ज्यांना मूल घरात बोलायला हवंय त्यांनी डोळे झाकून घ्यावा. परवा रात्री तो सासूबाईंच्या शेजारी झोपला होता आणि शाळेच्या ट्रिपची गोष्ट सांगत होता, मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. पंधरावीस मिनिटं सलग. मध्ये एकदा ‘माकडने’ म्हणाला, थांबला, ‘माकडाने’ म्हणाला आणि पुढे गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं हं हं करत होत्या.

पुढची बॅच जानेवारीच्या पहिल्या शनिवारपासून आहे, दोन-तीनच जागा शिल्लक असतील असं बाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी जाताना घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील तर नक्की घेऊन जा, जाड पुठ्ठ्याच्या, बाईंना हव्याच असतात.